जीव वाचला, पण पुढचं कोण विचारतं? (आत्महत्येच्या प्रयत्नानंतर कॅज्युअल्टीत आलेल्यांबद्दल)

गिरणाकाठची
नमस्कार. खान्देशातल्या एका सरकारी रुग्णालयात मी समाजसेवा अधीक्षक आहे. आत्महत्येचा प्रयत्न करून आलेला माणूस जरा सावरला की त्याच्याशी आणि त्याच्या घरच्यांशी बोलायचं, हे माझं रोजचं काम. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, आणि खाली ज्यांच्याबद्दल लिहीन त्यांच्या ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

वाचता वाचता कोणाला हे आपल्याच मनातलं लिहिलंय असं वाटलं, तर पुढचं नंतर वाचा. आधी १४४१६ ला फोन लावा. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. आणि घरातल्या एका तरी माणसाजवळ जाऊन बसा.

आता मुद्द्याचं. असा रुग्ण आला की सगळी धावपळ शरीरासाठी होते, आणि ती व्हायलाच हवी. १०८ ने नाहीतर गावातल्या कोणाच्या तरी गाडीतून आणतात, डॉक्टर आणि सिस्टर रात्रभर झटतात, एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद होते, पोलीस जबाब घेऊन जातात. मग आयसीयूतून वॉर्डात, आणि रिपोर्ट चांगले आले की सुट्टी. या सगळ्या दिवसांत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारलेला असतो, "का केलं असं?" त्याचं उत्तर बहुतेकदा त्या माणसालाच धड माहीत नसतं. माहीत असलं तरी सासरचे नाहीतर भाऊबंद उशाशी उभे असताना सांगणार कसं? तो भिंतीकडे तोंड करतो, किंवा "चुकून झालं" म्हणतो, आणि विषय तिथेच मिटवला जातो.

मला दोन वेगळे प्रश्न महत्त्वाचे वाटतात. त्या वेळी मरायचं किती पक्कं ठरवलं होतं? आणि आज, या पलंगावर बसून, पुढे काय दिसतं?

आरोन बेक या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये या दोन्हींसाठी दोन वेगळ्या प्रश्नावल्या मांडल्या. एक इराद्याची. आधी काही तयारी केली होती का, कोणाजवळ बोलला होता का, आपण खरंच मरू असं वाटलं होतं का, वाचल्यावर काय वाटलं. दुसरी हताशेची. त्यात वीस विधानं, प्रत्येकाला बरोबर की चूक एवढंच सांगायचं, आणि सगळी येणाऱ्या दिवसांबद्दलची. १९७५ मध्ये प्रयत्नानंतर वाचलेल्या ३८४ जणांचा त्यांचा अभ्यास आला. उदास असणं आणि मरायचं ठरवणं यांना जोडणारी कडी हीच हताशा आहे, असं त्यातून पुढे आलं. मला वॉर्डात तेच दिसतं. उदास माणूस पुष्कळ सोसतो. आता काही बदलणारच नाही अशी खात्री बसली की मात्र त्याचं सोसणं संपतं.

आणि नुसत्या शरीराच्या इजेवरून यातलं काही कळेलच असं नाही. हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे. परिणाम काय होईल याची ज्याला नीट कल्पना असते, त्याच्याच बाबतीत इजा आणि इरादा यांचा मेळ लागतो, हेही बेक यांच्या गटाने तेव्हाच दाखवलं होतं. आपल्या भागात तर पुष्कळदा भांडणानंतरच्या अर्ध्या तासात सगळं घडतं. मरायचं काही ठरलेलं नसतं, नुसतं "आता हे थांबू दे" असं असतं, आणि त्या क्षणी हाताशी काय आलं यावर जीव जातो की राहतो ते ठरतं. अशा मुली आमच्याकडे गंभीर होऊन येतात आणि शुद्धीवर आल्यावर "मला वाचवा" म्हणत हात धरून ठेवतात. उलट एखादा माणूस महिनाभर शांतपणे आवराआवर करत असतो, कोणाचं देणं देऊन टाकतो, पोरीचे दागिने बहिणीकडे नेऊन ठेवतो, आणि कॅज्युअल्टीत येतो तेव्हा अंगावर फारसं काही नसतं. वॉर्डात कोणीतरी म्हणतं, "काही झालं नाही याला, नाटक आहे." दुसऱ्या दिवशी सुट्टी. मला त्या दुसऱ्या माणसाची जास्त भीती वाटते.

हताशा रडत नाही. ती अगदी शांतपणे, हिशेब सांगावा तशी बोलते. "माले पुढे काहीच दिसत नही." "मी नसलो तर पोरांचं बरं होईल." मी थेट प्रश्नावली काढत नाही. आधी सणवाराचं विचारते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाणार का? कानबाईला घरी कोण कोण येणार? नवऱ्यावर चिडलेली, रडून डोळे सुजलेली मुलगीसुद्धा आखाजीचं नाव निघालं की म्हणते, "जाईन, पण भाऊ घ्यायला आला पाहिजे." तिच्या पुढे काहीतरी आहे. एक मुलगी मात्र म्हणाली, "आखाजीपर्यंत कोण पाहतं ताई." तिचे सगळे रिपोर्ट नॉर्मल होते. मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं की हिला आज सोडू नका.

वाचल्यावर काय वाटतं, याही उत्तराकडे लक्ष द्या. "बरं झालं वाचलो" असं बहुतेक जण म्हणतात, आणि ते खरं असतं. "कसाले वाचाडं माले?", म्हणजे मला का वाचवलं, असं म्हणणाऱ्याला एकटं सोडायचं नाही. आणि कोणाकडे न बघता, घाईघाईत "बरं झालं, आता सोडा मला" म्हणणाऱ्याशी आणखी एकदा बोलायचं.

इथे खान्देशातले पुष्कळ जण आहेत. तुमच्या घरात, गल्लीत असं घडलं तेव्हा सुट्टीनंतर काय झालं, ते लिहाल का? माझं बोलणं रुग्णालयाच्या दारापर्यंत असतं. त्यापुढचं तुम्ही बघता.

मनोविकार_ओपीडी
ताई, फार गरजेचा धागा. मी मनोविकारतज्ज्ञ आहे, काही वर्षं धुळ्याकडे होतो. एक जोड देतो, कारण प्रश्नावलीचं नाव निघालं की लोक गुणांवर जातात.

बेक यांनीच १९८५ मध्ये एक पाठपुरावा प्रसिद्ध केला. आत्महत्येचे विचार येतात म्हणून दाखल झालेले २०७ रुग्ण, पाच ते दहा वर्षं. त्यातले १४ जण पुढे आत्महत्येने गेले, आणि हताशेच्या प्रश्नावलीत त्यांच्यातल्या जवळजवळ सगळ्यांचे गुण १० किंवा त्याहून जास्त होते. हे वाचून वाटतं की चला, मोजायचं साधन सापडलं. पण १० च्या वर गुण असलेल्यांतले बहुसंख्य जगले. म्हणजे एकेका माणसाचं भविष्य गुणांवरून सांगता येत नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत तर स्पष्टच म्हटलंय की पुढे कोण प्रयत्न करेल याचं भाकीत करायला, किंवा कोणाला उपचार द्यायचे ते ठरवायला, अशा मोजपट्ट्या वापरू नका. "गुण कमी, सोडा घरी" हे सगळ्यात धोकादायक वाक्य. प्रश्नावली बोलायला तोंड फुटावं म्हणून वापरायची. ताई आखाजीचं विचारतात, ते त्याच कामाचं आहे आणि आपल्या माणसाला जास्त जवळचं आहे.

दुसरं, उपाय काय? जागतिक आरोग्य संघटनेचा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. चेन्नई, कोलंबो, ब्राझीलमधलं कॅम्पिनास, इराणमधलं कराज आणि चीनमधलं युनचेंग, अशा पाच ठिकाणच्या आपत्कालीन विभागांत प्रयत्नानंतर आलेले १८६७ जण. निम्म्यांना नेहमीचे उपचार. निम्म्यांना त्याशिवाय सुट्टीआधी तासभराचं बोलणं, आणि पुढच्या १८ महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. कसे आहात, काही लागतंय का, एवढंच. १८ महिन्यांनी नेहमीच्या गटात २.२ टक्के लोक आत्महत्येने गेले होते, संपर्क ठेवलेल्या गटात ०.२ टक्के. चेन्नईचं काम डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांचं होतं. १९८६ मध्ये त्यांनीच तिथे स्नेहा ही संस्था सुरू केली. म्हणजे हे परदेशातलं, आपल्याला न परवडणारं काही नाही. एक फोन आणि तो करणारा माणूस, एवढ्यावर हे उभं राहतं.

रावेरचा_बागायतदार
आमच्या घरातलं लिहितो. माझा चुलतभाऊ, वयाने मोठा, आम्ही जिभाऊ म्हणतो. केळीचा माणूस. एका वर्षी वादळाने बाग झोपली, त्याच्या आदल्या वर्षी भाव नव्हता. प्रयत्न केला, वाचला. रुग्णालयाने शरीराचं सगळं चांगलं केलं, त्याबद्दल तक्रार नाही.

घरी आल्यावर गाव लोटलं. येणारा प्रत्येक जण "असं करायला नको होतं" म्हणायचा, चहा प्यायचा आणि जायचा. जिभाऊ ओसरीवर बसून मान डोलवायचा. आम्हाला वाटलं सुधारला. त्याच्या बायकोला तसं वाटलं नाही. ती म्हणाली, "हे बोलत नाहीत. आधी भांडायचे, आता भांडतही नाहीत." वहिनीने ते ओळखलं.

मग माझे वडील आणि शाळेतले एक सर, दोघं त्याच्याजवळ जाऊन बसले. सरांनी वही काढली. म्हणाले, कोणाकोणाचं किती देणं, सगळं सांग, आम्ही लिहितो, कोणी काही बोलणार नाही. सोसायटी, बँक, दोन खासगी सावकार, वहिनीच्या बचत गटाचे हप्ते. दोन संध्याकाळी लागल्या. बेरीज मोठी होती, पण त्याच्या मनात जी होती त्यापेक्षा कमी निघाली. त्याने आतापर्यंत एकदाही सगळं कागदावर मांडलेलं नव्हतं. कोणतं आधी, कोणतं थांबेल, कोणाकडे आम्ही जाऊन बोलायचं, ते ठरलं. जमीन विकावी लागली थोडी. पण त्या वहीनंतर तो पुन्हा वहिनीशी भांडायला लागला, आणि सगळं घर हसलं.

जळगावात मनोविकार डॉक्टरांकडेही नेत होतो. गोळ्या चालू होत्या. दोन्हीचा उपयोग झाला असं तो स्वतः सांगतो.

एकच म्हणणं आहे. अशा माणसाला पुढे काही दिसत नाही, तेव्हा नुसतं "सगळं ठीक होईल" म्हणू नका. काय ठीक होईल आणि कसं, ते त्याच्यासोबत बसून मांडा.

गिरणाकाठची
दादा, हे वाचून डोळे भरले. बोलणं बंद होणं हे वहिनींनी ओळखलं, ते फार मोलाचं. अचानक आलेली शांतता ही सुधारणा समजू नका, हे मी प्रत्येक घरच्यांना सांगते.

चाळीसगावकर_रोखठोक
पटत नसलेलं लिहितो, राग मानू नका. आमच्या ओळखीत एक मुलगा आहे, दरवेळी घरच्यांनी काही नाकारलं की असं काहीतरी करतो. गाडी घेऊन द्या, नाहीतर बघा. घरच्यांनी हात टेकले. अशांना जवळ घेऊन गोंजारलं तर सवय लागते. खरं मरायचं असतं तो सांगत बसत नाही.

मनोविकार_ओपीडी
शेवटचं वाक्य चुकीचं आहे, आणि त्याने जीव जातात. आत्महत्येने गेलेल्या अनेकांनी आधी कोणाजवळ तरी सूचक काही बोललेलं असतं. आणि आधी प्रयत्न झालेला असणं ही पुढच्या धोक्याची सगळ्यात ठळक खूण आहे. तो मुलगा पुन्हा पुन्हा करतोय याचा अर्थ त्याचा धोका वाढतोय. प्रत्येक वेळी तो वाचेलच असं नाही, कारण वाचणं त्याच्या हातात नाही.

गिरणाकाठची
भाऊ, राग नाही. घरचे किती थकतात ते मी रोज बघते. गाडी द्या असं कोणीच म्हणत नाही. गाडीला नाही म्हणा, पण त्याच्याशी बोलायला नाही म्हणू नका. ज्याला मनातलं सांगायची एवढी एकच वाट सापडली आहे, त्याच्याकडे दुसरी वाट नाही, हेच त्याचं दुखणं. त्याला मनोविकार ओपीडीत न्या, आणि तो चांगला असतानाही कोणीतरी त्याच्यासोबत वेळ काढा. फक्त प्रयत्नानंतरच घर गोळा होत असेल तर तो तेवढंच शिकेल.

निवृत्त_हवालदार
पोलीस खात्यात नोकरी केली, जळगाव आणि धुळे दोन्ही जिल्ह्यांत. कायद्याचं सांगतो, कारण भीतीपोटी लोक रुग्णालयात खोटं सांगतात. "शेतात काम करताना चुकून झालं," हे मी इतक्या वेळा लिहून घेतलंय.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ११५ म्हणतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं. तसं नव्हतं हे सिद्ध होत नाही तोवर खटला नाही, शिक्षा नाही. त्याच कलमात पुढे आहे की अशा माणसाला उपचार आणि पुनर्वसन देणं, पुन्हा असं होऊ नये म्हणून काळजी घेणं, हे सरकारचं कर्तव्य. शिवाय १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं भारतीय दंड संहितेतलं जुनं ३०९ कलमच नाही. कलम २२६ आहे, पण ते सरकारी नोकराला त्याचं काम करायला भाग पाडायला किंवा त्यापासून रोखायला केलेल्या प्रयत्नापुरतं.

एमएलसी होईल, जबाब होईल. तो कागद घाबरण्याचा नाही. घरात मारहाण, छळ असेल तर तोच कागद पुढे उपयोगी पडतो. डॉक्टरांना खरं सांगा. खोटं सांगितलं तर मनोविकार विभागाला बोलावणंही जात नाही, आणि माणूस तसाच घरी जातो.

आता_आहे
नवीन आयडी घेऊन लिहिते आहे. अमळनेर भागातली आहे. काही वर्षांपूर्वी मी त्या पलंगावर होते.

का केलं ते लिहिणार नाही. एवढं सांगते की मला मरायचं होतं का, हे आजही नक्की सांगता येत नाही. दुसरा दिवस नको होता, एवढं नक्की.

वॉर्डात सगळे माझ्यावर पहारा ठेवत. बाथरूमला गेले तरी कोणीतरी दारात. पण बोलत कोणी नव्हतं. आई रडायची, सासूबाई येणाऱ्याला सांगायच्या की हिला आम्ही काय कमी केलं. एका सिस्टरनी रात्री सगळ्यांना बाहेर बसवलं आणि विचारलं, "घरी गेल्यावर पहिला त्रास कोणाचा होईल?" मी एक नाव सांगितलं. मग विचारलं, "आणि रात्री झोप लागली नाही तर कोणाला उठवशील?" माझ्याकडे नाव नव्हतं. त्या म्हणाल्या, आपण सकाळपर्यंत एक नाव शोधू. सकाळी मी मोठ्या वन्संचं नाव सांगितलं. सासरचीच, पण माझी होती. सिस्टरनी त्यांना बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर सांगितलं की ही रात्री दोनला उठवेल, चिडू नका.

मी उठवलं. बऱ्याच वेळा. त्या उठायच्या, चहा टाकायच्या, काही विचारायच्या नाहीत.

लगेच सगळं चांगलं झालं असं नाही. बरेच दिवस मला पुढचं काही दिसत नव्हतं, फक्त आजची रात्र दिसायची. कोणाला तेवढंच दिसत असेल तर तेवढंच पुरे आहे, असं मला सांगायचं होतं. आज माझं शिवणाचं काम आहे, मुलगी शाळेत आहे.

गिरणाकाठची
ताई, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. "पहिला त्रास कोणाचा होईल" हा प्रश्न मी आजपासून विचारणार आहे. तुम्हाला कधीही जड वाटलं तर इथे निरोप टाका, आणि १४४१६ आहेच.

तुमच्या निमित्ताने एक सांगते. घरात मारहाण असेल तर "समजूत काढून" त्याच घरी पाठवणं हा उपाय नाही. आमच्याकडून सखी वन स्टॉप सेंटर, संरक्षण अधिकारी यांना कळवता येतं, महिलांसाठी १८१ हा फोन आहे. माहेरच्यांनी "तुझं घर तेच" हे वाक्य त्या दिवशी तरी उच्चारू नये.

पारोळ्याची_कन्या
बीएस्सी नर्सिंगला आहे. आम्हाला पोस्टिंगमध्ये भीती वाटते की थेट "मरायचे विचार येतात का" विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घालू. आणि बहुतेक केसेस शेतकऱ्यांच्याच असतात ना?

मनोविकार_ओपीडी
नाही. विचारल्याने विचार रुजत नाही, यावर अभ्यास झालेले आहेत. उलट कोणीतरी स्पष्ट शब्दांत विचारलं की पुष्कळ जणांना हायसं वाटतं. फक्त "तसलं काही मनात नाही ना?" असं विचारू नका. त्यात "नाही" हे उत्तर आधीच सांगून ठेवलेलं असतं. "एवढा त्रास झाला की काहींना मरावंसं वाटतं, तुम्हाला आत्ता वाटतंय का?" असं विचारा, आणि उत्तराला वेळ द्या.

शेतकऱ्यांबद्दल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांत देशात १,७०,९२४ आत्महत्या आहेत, त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. शेतीशी संबंधित, म्हणजे शेतकरी आणि शेतमजूर मिळून, देशभरात ११,२९०. कारणांत पहिलं कौटुंबिक, ३१.७ टक्के, मग आजारपण, १८.४ टक्के. शेतीचं दुखणं मोठंच आहे, पण फक्त कर्ज शोधत बसलात तर समोरची सून, बारावीचा मुलगा, पोटदुखीने वर्षानुवर्षं त्रासलेली म्हातारी, हे तुम्हाला दिसणार नाहीत.

सातपुड्यातली_आशा
मी धडगावकडची आशा. मोबाईलवर लिहिते, चुका समजून घ्या.

आमचा माणूस खाली रुग्णालयात नेला की त्याला मराठी नीट येत नाही. पावरी नाहीतर भिली बोलतो. डॉक्टर विचारतात, सोबतचा माणूस सांगतो. सोबत कोण असतो? नवरा, नाहीतर सासरा. एका बाईला विचारलं, घरी काही त्रास आहे का. नवऱ्याने तिला न विचारताच सांगितलं, नाही साहेब. ती खाली बघत होती. नंतर माझ्याजवळ पावरीत सगळं बोलली. म्हणून सांगते, भाषा येणारी नर्स, आशा, वॉर्डातले मामा कोणी असेल त्यांना बोलवा, घरच्यांना बाहेर ठेवा.

दुसरं. कागदावर लिहितात, पंधरा दिवसांनी ओपीडीला या. दिवाळीनंतर आमचे लोक गुजरातला कामाला जातात, ऊसतोडीला, कापूस वेचायला. पंधरा दिवसांनी तो इथे नसतो. फोनला पाड्यावर रेंज नाही. सुट्टी देताना आशाचा नंबर घ्या, आम्हाला कळवा. आम्ही लसीकरणाला, बाळंतिणीला घरी जातोच, याच्याही घरी जाऊ. आम्हाला कोणी सांगतच नाही.

गिरणाकाठची
आशाताई, हे मी आमच्या बैठकीत मांडते. सुट्टीच्या कागदावर आशाचा नंबर, एवढी एक ओळ वाढवणं अवघड नाही.

रावेरचा_बागायतदार
आशाताईंचं अगदी बरोबर. आणखी एक. फवारणीची औषधं घरात ठेवायची आमच्याकडे पद्धतच आहे, कारण शेतात चोरी होते. जिभाऊच्या प्रकारानंतर आमच्या भावकीने ती घरातून हलवली. मळ्यात कुलपात असतात, किल्ली दुसऱ्याकडे. हंगाम संपला की उरलेलं ठेवायचंच नाही.

मनोविकार_ओपीडी
फार योग्य केलंत. कुलपावर सगळं सोडू नका, सोबत माणूस हवाच, पण घरात हाताशी काही नसणं महत्त्वाचं. तीव्र लाट बहुतेकदा काही मिनिटांची, काही तासांची असते. तेवढा वेळ निघाला की माणूस पुन्हा बोलता होतो. श्रीलंकेने १९९५ नंतर अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, आणि तिथला आत्महत्येचा दर पुढच्या वीस वर्षांत निम्म्याहून खाली आला. घरातल्या गोळ्यांचंही तसंच. सुट्टीनंतरच्या गोळ्या थोड्या थोड्या दिवसांच्या आणा आणि एकाने सांभाळा.

अंजाळ्याचा_पाहुणा
तातडीने विचारतो. माझा मामेभाऊ उद्या किंवा परवा सुटून येतोय. वय बावीस. त्याला आमच्याकडेच आणायचं ठरलंय, त्याच्या घरी वाद आहे. मी त्याच्याहून थोडा मोठा. काय बोलू, काय करू? आम्ही सगळे घाबरलोय.

गिरणाकाठची
तुम्ही त्याला घरी आणताय, हे चांगलं करताय. सुट्टीनंतरचे पहिले काही आठवडे जास्त जपायचे असतात, म्हणून सविस्तर लिहिते.

तो यायच्या आधी औषधं, गोळ्या, धोक्याचं जे काही असेल ते घरातून हलवा. त्याच्यासमोर झडती घेतल्यासारखं करू नका. पहिल्या दिवशी पाहुणे नकोत. "तू आलास, बरं वाटलं" एवढं म्हणा. "आईबापाचा विचार नाही केलास?" हे घरात कोणीही म्हणायचं नाही, वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. त्याला अपराधी आधीच वाटतंय.

दुसऱ्या दिवशी, तो तयार असेल तेव्हा, दोघं मिळून एक कागद करा. मन जड व्हायला लागतं तेव्हा आधी काय होतं? झोप उडते, छाती दाटते, एखाद्याचा फोन येतो, जे असेल ते. मग त्या वेळी एकट्याने काय करून बरं वाटतं. कोणाजवळ जाऊन बसता येईल. कोणाला खरं सांगता येईल, नावं आणि नंबर. शेवटी डॉक्टर, १४४१६, आणि तातडी असेल तर १०८ किंवा ११२. हे त्याच्या शब्दांत, त्याच्या हाताने. असा कागद आणि त्यामागून फोन, यावर अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत अभ्यास झाला. २०१८ मध्ये आलेल्या त्याच्या निष्कर्षांत सहा महिन्यांतले आत्मघाती प्रकार ४५ टक्क्यांनी कमी होते. आम्ही मराठीत साध्या कागदावर करतो.

रोज एकदा सरळ विचारा, "आज ते विचार आले का?" "हो" म्हणाला तर घाबरून ओरडू नका. किती वेळ होते, आत्ता आहेत का, ते विचारा. आत्ता आहेत म्हणाला तर एकटं सोडायचं नाही, तसेच कॅज्युअल्टीत घेऊन या. दारू त्या घरात काही दिवस नको.

आणि पुढच्या दोन दिवसांचं काहीतरी ठरवा. वर्षभराचं नको. उद्या सकाळी सोबत मळ्यात जायचं, परवा भुसावळला मोबाईल दुरुस्त करायला जायचं, एवढं चालेल.

अंजाळ्याचा_पाहुणा
लिहून घेतलं ताई. त्याच्या कार्डावर नुसतं "मनोविकार ओपीडी" लिहिलंय, तारीख नाही. एकदम जाऊन भागेल का?

गिरणाकाठची
उद्या सुट्टी घेण्याआधीच वॉर्डातल्या सिस्टरकडून वार आणि वेळ लिहून घ्या, आणि तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा, त्यांचा नंबर घ्या. शक्य असेल तर वॉर्डातूनच मनोविकार विभागाला दाखवून मग घरी न्या, तसा आग्रह धरा, तो तुमचा हक्क आहे. पहिली तारीख आठवड्याच्या आतली मागा. सोबत तुम्ही जा, आणि जाताना तो कागद न्या. परवा रात्री इथे कळवा, मी बघते.